लाखाची मोटार

समजा, एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न 25 हजार रुपये आहे. घरभाडे, धान्य, फी, औषधपाणी जाऊन 3 हजार उरतात. या कुटुंबाला मोटार परवडेल काय? तुम्ही चटकन किंमत विचाराल. पण आधी हा हिशेब पाहा. महिन्याला 500 किलोमीटर फिरायचे आणि लिटरला 20 किलोमीटर धरले, तर 25 लिटर पेट्रोल लागेल. लिटरला 100 रुपये धरा. अडीच हजार गेले! हप्ता, विमा, दुरुस्ती अजून बाकीच.

उत्पन्न वाढते तसा त्यातला अन्नावरचा वाटा घटतो, असे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने 1857 मध्ये दाखवून दिले. (पोट काही पगाराबरोबर वाढत नाही!) उरलेला पैसा मग मोटारीसारख्या वस्तूंकडे वळतो.

मग मोटार स्वस्त केली की झाले? टाटांची 'नॅनो' 2008 मध्ये लाखाची मोटार म्हणून पुढे आली. एंजिन 624 घनसेंटीमीटरचे, दोनच सिलिंडर, तेही मागे, वायपरही एकच. स्कूटरवर दाटीने बसणाऱ्या कुटुंबासाठी ती होती. तरी 2018 संपता संपता तिचे उत्पादन थांबले. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतला, ही कारणे होतीच. पण 'सर्वांत स्वस्त' ही ओळखच तिला नडली, असे खुद्द रतन टाटांचे मत होते. धान्य डब्यात राहते. मोटार मात्र दारात उभी असते आणि शेजारी ती रोज पाहतात. त्यामुळे ज्यांना नॅनो परवडत होती, त्यांतले कित्येक थोडी वाट पाहून महाग गाडी घेत, किंवा जुनी पण मोठी.

तुमच्या गल्लीतल्या मोटारींची यादी करून पाहा. मालकांना उत्पन्न मात्र विचारू नका. ते कोणी खरे सांगत नाही.