पहिले पुस्तक काढताय? सही करण्याआधी करार वाचा

हस्तलिखित तयार आहे, प्रकाशकाचा होकारही आला आहे. पण ‘छपाईचा खर्च तुम्ही द्या, दोनशे प्रती तुम्हाला देऊ’ असे त्याचे म्हणणे आहे. पहिले पुस्तक काढणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात गैर काही नाही. मात्र पैसे लेखकाचे आणि हक्क प्रकाशकाचे, असा व्यवहार होत असेल तर थांबायला हवे.

हक्क कोणाचे?

कॉपीराइट कायदा, 1957 नुसार लेखन केले की त्यावरचा हक्क लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे हा हक्क टिकतो. तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ ही ओळ मात्र सगळेच घेऊन जाते. ती दिसली तर बदलून ‘छापील मराठी आवृत्ती, 5 वर्षे’ एवढेच लिहायला सांगा. अनुवाद, ई-बुक, ऑडिओबुक, चित्रपट, वेब सीरिज हे हक्क स्वतःकडे ठेवा. प्रकाशक नाराज होईल म्हणून नवे लेखक इथे गप्प बसतात. चांगला प्रकाशक अशा प्रश्नाने नाराज होत नाही.

रॉयल्टी कशावर?

समजा, किंमत 250 रुपये, रॉयल्टी 10 टक्के आणि 500 प्रती विकल्या गेल्या. लेखकाला 12,500 रुपये मिळतील. पण रॉयल्टी छापील किमतीवर न देता विक्रेत्याची 40 टक्के सवलत वजा करून दिली, तर हातात येतील 7,500. किती छापल्या, किती विकल्या याचा हिशेब दर वर्षी मिळेल, हेही लिहून घ्या.

आयएसबीएनसाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी हा क्रमांक मोफत देते, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजनाही आहे. अटी मंडळाच्या जाहिरातीत पाहाव्यात.

आणि मुद्रितशोधन कोण करणार, हे आधीच विचारा. शेवटचे प्रूफ स्वतः वाचल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका.