हनु, जबडा आणि दातखीळ

हनुमंताचे नाव आपण रोज घेतो. पण त्या नावातला 'हनु' म्हणजे काय, असे वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले गप्प बसतील. हनु म्हणजे जबडा. सूर्याला फळ समजून झेपावलेल्या बाळ मारुतीवर इंद्राने वज्र टाकले आणि त्याची डावी हनु मोडली, अशी कथा किष्किंधाकांडात जांबवान सांगतो. इंग्रजीतला 'चिन' हा शब्दही याच हनूचा लांबचा भाऊबंद.

मराठीत एकटा 'हनु' आता बोलण्यात नाही. तो उरला 'हनुवटी'त, म्हणजे जबड्याच्या पुढच्या टोकात. हा शब्द लाडाचा. आजी नातवाची हनुवटी धरते, जबडा धरत नाही! जबडा वाघाचा, मगरीचा. माणसाला लावला की शिवीसारखा वाटतो. म्हणून शास्त्राच्या तासाला 'खालचा जबडा' म्हटले की पोरे हसतात. गुरुजी, हसू द्या. चेहऱ्याच्या १४ हाडांत हालणारे हाड हे एकच. कानाच्या पुढे बोट टेकवून तोंड उघडा-मिटा, सांधा बोटाला लागेल. हा सांधा कधी मोठी जांभई देतानाही निखळतो. तो शेकून, जागेवर बसवून पट्टी बांधावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. आज हे काम डॉक्टरचेच.

आता 'दातखीळ'. 'विचारलं की दातखीळ बसते का रे?' असे आपण सहज म्हणतो. पण खरी दातखीळ दोन अगदी वेगळ्या दुखण्यांत दिसते आणि शब्द एकच असल्याने घोटाळा होतो.

एक फेफरे. त्यात माणूस बेशुद्ध पडतो, दात घट्ट मिटतात. मग कोणी चमचा घालून दात उचकटतो, कोणी चप्पल हुंगवतो. असे काही करू नका. चमच्याने दात तुटतात, श्वास अडकतो. त्याला कुशीवर वळवा, भोवतीच्या टणक वस्तू दूर करा. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर दवाखाना गाठा.

दुसरा धनुर्वात. यात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, पण तोंड उघडत नाही. विळा लागला, खिळा रुतला, त्यात माती-शेण गेले, की काही दिवसांनी बहुधा आधी जबडाच आखडतो. जुने वैद्य यालाच 'हनुग्रह' म्हणत. इथे घटकाभर वाट पाहणेही धोक्याचे. थेट मोठे रुग्णालय. बाळंतपणात होणारा बाळंतिणीचा आणि अर्भकाचा धनुर्वात भारतातून जवळजवळ हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले, ते लशीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. जंतू मात्र मातीत आहेतच. शाळेत दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलांना जी सुई टोचतात, तिच्यात याच दातखिळीवरची लस असते. सुई पाहून पळणाऱ्या पोरांना हे नाव घेऊन सांगा.