सरोवराचा कांठ आणि घरची मोरी

परदेशगमन उतारवयांत आमच्या नशिबीं होतें, असेंच म्हणावयाचें. चिरंजीव नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडांतील झुरिच शहरीं सहकुटुंब राहतात. त्यांच्या आग्रहास्तव गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तेथें महिनाभर राहून आलों. हिमशिखरांचीं चित्रें वाचकांनीं पुष्कळ पाहिलीं असतील. म्हणून तेथील सरोवराच्या कांठीं आम्हांस जें कळलें तेवढेंच येथें निवेदन करितों.

आम्ही गंगाखेडचे. संत जनाबाईंचें हें जन्मस्थान गोदावरीच्या तीरीं आहे, आणि आम्ही तिला गंगाच म्हणतों. आमचें बाळपण घाटावर गेलेलें; त्यामुळें झुरिचला पोहोंचतांच पाय पाण्याकडे वळले. लिमात नदी जेथें सरोवरांतून बाहेर पडते, तेथून दोन्ही तीरांनीं वृक्षांच्या छायेंत फिरावयाची प्रशस्त वाट गेली आहे. बाकांवर वृद्ध बसलेले असतात, मुलें हंसांकडे टक लावून पाहतात, पांढऱ्या आगबोटी धक्क्यास लागतात. आणि हवा निवळ असली म्हणजे दक्षिणेस आल्प्सची बर्फाच्छादित रांग दिसते. ऐन शहराच्या कुशींत लहानथोर निःशंकपणें पाण्यांत पोहतात. हा कांठ निसर्गदत्त मात्र नव्हे. १८८१ ते १८८७ या काळांत सरोवरांत भराव घालून तो तयार करण्यांत आला. आर्नोल्ड ब्यूर्क्ली हे त्या कामाचे सूत्रधार अभियंते होत.

एके सायंकाळीं सौभाग्यवतींनीं कांठच्या पायऱ्यांवर बसून नेहमींच्या संवयीनें पाण्यास हात लावून नमस्कार केला. नातू म्हणाला, “आजी, हेंच पाणी शुद्ध करून आपल्या नळाला येतें.” आम्ही हंसांकडे पाहत होतों, सौभाग्यवतींनीं मात्र चिरंजीवांस विचारिलें, “अरे, मग एवढ्या शहराचें सांडपाणी जातें तरी कोठें?” जन्मभर मोरीशीं जिचा संबंध, तिलाच हा प्रश्न सुचावयाचा!

चिरंजीवांनीं सांगितलेली हकीकत अशी. १८६७ सालीं झुरिचमध्यें पटकीची सांथ आली. त्या काळांत शहराच्या सांडपाण्यासाठीं भुयारी गटारांची योजना हातीं घेण्यांत आली, आणि तिचेहि प्रमुख ब्यूर्क्लीच होते. म्हणजे गटारें आधीं, रम्य कांठ मागाहून! तरीहि सरोवर सुखरूप राहिलें नाहीं. कांठच्या वस्त्यांचें सांडपाणी त्यांत उतरे. त्यावर शेवाळ माजे, आणि तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकी. १९२६ सालीं शहरानें सांडपाणी शुद्ध करण्याचें केंद्र उभारिलें. १९८६ सालीं तर स्वित्झर्लंडनें कपडे धुण्याच्या पुडींतून फॉस्फेटच हद्दपार केलें, कारण शेवाळास तें खताप्रमाणें लागू पडतें. साऱ्या देशानें सरोवरांसाठीं धुण्याची पूड बदलावी, हें ऐकून आम्ही थक्क झालों.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. पाण्यांत मलमूत्र, थुंकी वा अन्य कोणतीहि अपवित्र वस्तु टाकूं नये, असा नियम मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत आहे. आम्हीं तो विद्यार्थ्यांस अन्वयासह किती वेळां शिकविला असेल! आणि आमच्या स्वतःच्या वाड्याच्या मोरीचें तोंड मात्र आजोबांच्या वेळेपासून नदीकडे उतरणाऱ्या ओहोळांत. प्रातःकाळीं ज्या गंगेंत अर्घ्य द्यावें, तिलाच दिवसभर खरकटें पाणी पाजावें, हा आमचा धर्म!

परत आल्यावर परसांत शोषखड्डा करण्याचा विषय आम्हीं काढिला. धाकटे बंधु म्हणाले, “दादा, गंगा सर्वांना पावन करते. आपल्या एका मोरीनें तिचें काय होणार?” आम्ही म्हणालों, “तिचें कांहीं नाहीं. प्रश्न आपला आहे.” खरी अडचण निराळीच होती. विहिरीपासून लांब अशी जागा जुन्या गोठ्याचीच, आणि ती बंधूंनीं पुतण्याच्या नव्या खोलीकरितां राखून ठेविलेली. आठ दिवस घरांत अबोला राहिला. अखेर पुतण्याच पुढें होऊन म्हणाला, “काका, खोली चार हात अलीकडे घेऊं.”

खड्डा खणून त्यांत तळाशीं मोठे दगड, वर विटांचे तुकडे व वाळू घातली. अन्नाचे कण व तेलकटपणा अडावा म्हणून तोंडाशीं लहानसें कुंड केलें. तें वेळोवेळीं साफ करावें लागतें. घरांतील पुरुषांनीं पाळीपाळीनें तें करावें, असें दोघी जावांनीं ठरवून दिलें आहे. पहिली पाळी आमची होती.

एवढ्यानें गोदावरी निर्मळ झाली, असें म्हणण्याचा मूर्खपणा आम्ही करणार नाहीं. परंतु झुरिचचा तो कांठ पाहून केवळ “वाहवा” म्हणून परतलों असतों, तर तो प्रवास फुकट गेला असता. नदीतीरीं राहणाऱ्या वाचकांस विनंती एवढीच, कीं आपल्या मोरीचें पाणी कोठें जातें, तें एकदां स्वतः मागोमाग चालत जाऊन पाहावें.