बावीस तारांमधून येणारा आवाज

नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला बसताना कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलाचा प्रोसेसर सहसा आधी उतरवून ठेवतात. तेल आणि पाणी दोन्ही त्याचे वैरी. कानामागचं यंत्र आणि डोक्याला चुंबकाने चिकटलेली कॉइल निघाली, की आईची हाकही पोचत नाही. केस कोरडे करून यंत्र पुन्हा चढवलं, की मुलाला आपल्यासारखंच ऐकू येतं, अशी घरच्यांची समजूत असते. तसं होत नाही, आणि हे शस्त्रक्रियेआधीच कळलं तर मुलाचं फार भलं होतं.

आतल्या कानात अडीच वेढ्यांचा शंख असतो. त्यात आवाज मेंदूकडे धाडणाऱ्या सुमारे ३,५०० केसपेशी रांगेने बसलेल्या असतात. शंखाच्या तोंडाशी उंच पट्टीचे स्वर, टोकाशी खर्जातले. इम्प्लांट या पेशींना वळसा घालून थेट श्रवणचेतेला वीज देतं. प्रोसेसर आवाजाचे पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्टा शंखातल्या ठरलेल्या इलेक्ट्रोडकडे जातो. असे इलेक्ट्रोड बनावटीनुसार १२, १६ किंवा २२ असतात. शंखातल्या द्रवात वीज आजूबाजूला पसरते, त्यामुळे खरोखर वेगळे असे आठ-दहाच मार्ग हाती लागतात.

एवढ्यावर भाषा कशी समजते? १९९५ साली रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्यांना फक्त चार पट्ट्यांत मोडलेलं बोलणं ऐकवलं. थोड्या सरावाने, शांत खोलीत, त्यांना जवळजवळ सगळं कळलं. आपल्या पालघरच्या वारली चित्रात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ दिसलं की माणूस नाचतोय हे ओळखू येतं; तो कोण, हे मात्र सांगता येत नाही. इम्प्लांटचंही तसंच आहे. शब्द पोचतो, पण आवाज आत्याचा की मावशीचा, हे निसटतं.

निसटते ती मुख्यतः पट्टी, म्हणजे स्वराची उंची. ढोल-ताशाचा ठेका, लेझमीची लय या मुलांना जवळपास आपल्याइतकीच पकडता येते. बासरीची धून मात्र बरेचदा सपाट किंवा बेसूर वाटते. बोलण्यातही हेच. 'तू जेवलास' आणि 'तू जेवलास?' यांतला फरक केवळ स्वराच्या चढाचा आहे, म्हणून तो हुकू शकतो. 'जेवलास का?' म्हटलं की प्रश्न शब्दातच येतो. 'काट' आणि 'खाट' यांत हवेच्या झोताचा, म्हणजे वेळेचा फरक असतो, तो चांगला पोचतो. 'पान' आणि 'कान' अवघड. पण समोर बसून बोललं तर मिटलेले ओठ 'प' दाखवून देतात. माझ्या मते हे बारकावे घरातल्या प्रत्येकाने शिकून घेतले पाहिजेत, अगदी आजी-आजोबांनीसुद्धा.

फटाक्यांचं वेगळं. सुदृढ कान कुजबुजीपासून धमाक्यापर्यंत सुमारे १२० डेसिबलचा पल्ला झेलतो. विजेने चेतवलेल्या चेतेला साधारण दहा-वीस डेसिबलच पेलतात. म्हणून बॉम्ब फुटताच प्रोसेसर आवाज एकदम दाबतो आणि पूर्ववत व्हायला त्याला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात कुणी काही बोललं तर ते विरून जातं.

मोठेपणी बहिरेपण आलेल्यांना स्विच-ऑनच्या, म्हणजे यंत्र पहिल्यांदा सुरू करण्याच्या दिवशी माणसं कार्टूनसारखी किंवा यंत्रमानवासारखी बोलताना वाटतात, काहींना नुसती टकटक ऐकू येते. त्यांच्याजवळ जुन्या आवाजाची आठवण असते, तिच्याशी मेंदू हळूहळू नवा आवाज जुळवतो. जन्मतः बहिऱ्या बाळाला तुलना करायला काहीच नसतं. त्याचा आवाज हाच. पण त्याला घाई आहे. अनु शर्मा आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या लहरी मोजून दाखवलं, की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालं तर श्रवणमार्ग बहुतेकदा वयाला साजेसा वाढतो. सातनंतर ते फार कठीण.

वसई-विरारकरांची या उपचाराची वाट पश्चिम रेल्वेच्या रुळांवरूनच जाते. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली स्थापन झालेली वाणी आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दिव्यांगांना सहायक उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतल्या इम्प्लांटचं कामही ती पाहते. मुंबईत ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांपैकी डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. शस्त्रक्रिया काही तासांत संपते. मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडची वीज मुलाला जुळवून घेणं, आणि स्पीच थेरपी वर्षानुवर्षं चालते, आणि कडेवर मूल घेऊन गर्दीची विरार लोकल पकडणं हा त्या उपचाराचाच भाग होऊन बसतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं. थेरपी मुलाच्या गावात, चालत जाण्याच्या अंतरावर मिळायला हवी.

उरलेलं काम घरात होतं. आई सामवेदी बोली बोलत असेल किंवा वाडवळी, तिने तीच बोलावी. तिच्या तोंडी जी भाषा सहज येते तीच मुलाला भरपूर ऐकू येते. फराळाला दहाजण जमले तर टीव्ही बंद, आणि एका वेळी एकानेच बोलायचं. खुणांची भाषाही वर्ज्य मानू नये. यंत्र उतरवल्यावर तीच हाताशी असते.

रोज सकाळी यंत्र लावल्यावर सहा ध्वनींची चाचणी करतात: आ, ई, ऊ, म, श, स. तोंड झाकून, आधी जवळून, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. मुलाने प्रत्येक ध्वनी परत म्हणायचा. कालपर्यंत येणारा 'स' आज आला नाही, तर आधी बॅटरी आणि कॉइल तपासायची, आणि तरीही येत नसेल तर ऑडिओलॉजिस्टला त्याच दिवशी फोन करायचा.