फुकट ऐकण्याचे पैसे

रेडिओ ही विकायला मोठी अडचणीची वस्तू आहे. वर्तमानपत्राचा अंक मोजून देता येतो, नाटकाला तिकीट लावता येते. पण मनोऱ्यावरून सुटलेली लहर कोणाच्या घरात शिरली आणि कोणाच्या नाही, हे प्रक्षेपण करणाऱ्याला कळत नाही, आणि पैसे न देणाऱ्यापासून ती अडवताही येत नाही. म्हणून हा खर्च कोणी सोसायचा, याची दोन ढोबळ उत्तरे जगात रूढ झाली. एक, सरकारने, सक्तीची वसुली करून. आपल्याकडे ऐंशीच्या दशकापर्यंत रेडिओचा परवाना दरवर्षी पोस्टात जाऊन नवा करून घ्यावा लागे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. दुसरे, जाहिरातदाराने. तिसरे उत्तर वरवर पाहता वेडगळच वाटते: ज्याला हे सगळे फुकट ऐकता येते त्या श्रोत्यानेच, कोणी सक्ती करत नसताना, आपण होऊन पैसे द्यावेत. १५ एप्रिल १९४९ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सुरू झालेले केपीएफए हे केंद्र या तिसऱ्या उत्तरावर उभे राहिले आणि पाऊणशे वर्षांनंतरही ते चालू आहे. ते कसे चालते, आणि त्या पद्धतीने नेमके काय साधते, हे नीट पाहण्यासारखे आहे. माझ्या मते श्रोत्याचा पैसा कार्यक्रम विकत घेत नाही. कोणा एकाला खूश ठेवण्याच्या गरजेतून तो केंद्राची सुटका करतो.

केंद्राचा संस्थापक लुईस हिल हा युद्धविरोधी होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने सदसद्विवेकाच्या कारणावरून शस्त्र घेण्यास नकार दिला होता. पुढे वॉशिंग्टनच्या एका रेडिओ केंद्रात काम करून, ती नोकरी सोडून तो कॅलिफोर्नियात आला आणि १९४६ मध्ये त्याने ‘पॅसिफिका फाउंडेशन’ स्थापन केले. व्यापारी रेडिओवरचा त्याचा राग जाहिरातींच्या गोंगाटापुरता नव्हता. निवेदकाची निवड करताना त्याच्या हाती मुद्दाम अर्थहीन मजकूर देतात आणि तो जितक्या कळकळीने वाचेल तितका तो लायक ठरतो, हे त्याने १९५१ च्या एका निबंधात दाखवून दिले. स्वतःला न पटलेले पटल्यासारखे बोलणे हेच जिथे कौशल्य, तिथे खरे बोलणारा माणूस टिकणार कसा, हा त्याचा प्रश्न होता. यावर त्याने मांडलेला तोडगा अगदी हिशेबी होता. परिसरातल्या एफएम श्रोत्यांपैकी दोन टक्के लोकांनी वर्षाला दहा डॉलर दिले तरी केंद्र चालेल. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी खुशाल फुकट ऐकावे. हिशेब कागदावर बरोबर होता, पण त्या काळी एफएमचे संच फार थोड्या घरांत होते आणि ऑगस्ट १९५० मध्ये पैशाअभावी प्रक्षेपण थांबले. श्रोत्यांनी वर्गणी जमवली आणि मे १९५१ मध्ये केंद्र पुन्हा बोलू लागले. त्याच वर्षी फोर्ड प्रतिष्ठानाच्या प्रौढशिक्षण निधीतून दीड लाख डॉलरही मिळाले. श्रोत्यांनी केंद्र वाचवले ही कथा खरी आहे. मोठ्या देणगीने हात दिला हेही तितकेच खरे आहे. श्रोताश्रयी रेडिओचे भक्त दुसरा भाग सांगायला अनेकदा विसरतात.

अशा केंद्रातले रोजचे जीवन व्यापारी केंद्रापेक्षा वेगळे असते ते मुख्यतः माणसांमुळे. पगारी माणसे थोडी आणि विनावेतन काम करणारी पुष्कळ. निवेदकासमोर काचेपलीकडे तंत्रज्ञ बसलेला असेलच असे नाही. बऱ्याचदा तोच ध्वनिपटलाच्या कळा सरकवतो, फोन घेतो, गाणे लावतो आणि दर तासाच्या सुरुवातीला केंद्राचे नाव व गाव उच्चारतो, कारण तो अमेरिकी कायद्याचा नियम आहे. एकाच आठवड्यात शास्त्रीय संगीत, कामगार चळवळीच्या बातम्या, काव्यवाचन आणि एखाद्या छोट्या स्थलांतरित समाजाचा त्याच्या भाषेतला तास, असे शेजारी शेजारी नांदतात. पन्नासच्या दशकात याच केंद्रावर समीक्षक पॉलीन केल चित्रपटांवर बोलत असे, तेव्हा तिचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. ॲलन वॉट्सने पूर्वेकडच्या तत्त्वज्ञानावरच्या रेडिओ-व्याख्यानांना सुरुवात केली तीही इथूनच. दोघेही पुढे प्रसिद्ध झाले म्हणून त्यांची नावे घ्यायची. जे कधीच प्रसिद्ध झाले नाहीत अशांची यादी अर्थातच लांब असणार. ज्या केंद्राला दर पंधरा मिनिटांनी श्रोतासंख्या मोजून जाहिरातदाराला दाखवायची आहे, त्याला असल्या माणसांवर तासचे तास घालवणे परवडले नसते. इथे ते परवडले, कारण पैसे देणाऱ्याने अमुक कार्यक्रमाचे नव्हे, सगळ्या केंद्राचे पैसे दिले होते.

वर्षातून काही वेळा मात्र हा सगळा संसार उघड्यावर येतो. निधिसंकलनाच्या दिवसांत कार्यक्रम मध्येच थांबवून निवेदक पैसे मागतो. स्वयंसेवक फोनवर बसतात. अमुक रक्कम दिल्यास पुस्तक, तमुक दिल्यास ध्वनिमुद्रण अशा भेटी जाहीर होतात. ऐकणाऱ्याला हा प्रकार कंटाळवाणा वाटतो, आणि जाहिरातींपासून सुटका म्हणून इथे आलो तर इथेही मागणेच, ही तक्रार रास्त आहे. काही केंद्रांनी तर देणग्या वाढाव्यात म्हणून संशयास्पद आरोग्य-उपचारांचे साहित्य भेट म्हणून वाटले आणि स्वतःच्या श्रोत्यांच्या शिव्या खाल्ल्या. तरीही जाहिरात आणि हे मागणे यांत फरक आहे. जाहिरातदार शंभर असले तरी त्यांतले पाच-दहा मोठे असतात आणि त्यांतला एक रागावला की व्यवस्थापकाच्या पोटात गोळा येतो. हजारो वर्गणीदारांतला एक रागावून गेला तर हिशेबात दहा डॉलर कमी होतात, एवढेच. मालकी इतकी विखुरलेली असली की धाक कोणा एकाच्या हाती एकवटत नाही.

त्याची कसोटी १९६२ साली लागली. तोपर्यंत पॅसिफिकाकडे आलेल्या न्यूयॉर्कच्या केंद्राने, म्हणजे डब्ल्यूबीएआयने, एफबीआयच्या एका माजी अधिकाऱ्याची मुलाखत ऐकवली. त्यात त्याने एफबीआयचा प्रमुख जे. एडगर हूवर याच्या कारभारावर उघड टीका केली होती. हूवरवर बोलण्याचे धाडस त्या काळात बडी वर्तमानपत्रेही सहसा करत नसत. पुढच्याच वर्षी सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने पॅसिफिकाच्या लोकांना साम्यवादी संबंधांच्या संशयावरून चौकशीला बोलावले आणि केंद्रांच्या परवान्यांचे नूतनीकरण रेंगाळले. जानेवारी १९६४ मध्ये प्रसारणाचे परवाने देणाऱ्या नियामक आयोगाने ते परवाने दिले, आणि चिथावणारे वाटतात म्हणून कार्यक्रमांवर बंदी घालता येणार नाही असे स्पष्टही केले. एवढ्या काळात जाहिरातदार असते तर किती उरले असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा. १९७० मध्ये ह्यूस्टनला पॅसिफिकाचे चौथे केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्या प्रक्षेपकावर एकाच वर्षात दोनदा बॉम्ब टाकले गेले. त्यामागे कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा माणूस होता. केंद्र दोन्ही वेळा पुन्हा सुरू झाले.

आता आक्षेप. पहिला असा की ही सुशिक्षित, सुखवस्तू लोकांची हौस आहे. जो पैसे देऊ शकतो त्याचाच रेडिओ होणार. हा आक्षेप हलक्यात घेता येत नाही, कारण बर्कली हे विद्यापीठाचे गाव आहे आणि सुरुवातीचा वर्गणीदार तिथलाच होता. पण पॅसिफिकाच्या २००३ च्या घटनेत एक तरतूद आहे, ती मला फार मोलाची वाटते. वर्षाला किमान पंचवीस डॉलर देणारा श्रोता केंद्राच्या स्थानिक मंडळाच्या निवडणुकीत मतदार होतो. आणि जो पैसे देऊ शकत नाही त्याने केंद्रात तीन तास काम केले तरी त्याला तेच मत मिळते. पाचशे डॉलर देणाऱ्याचेही मत एकच. श्रम आणि पैसा यांचा असा सरळ विनिमय लिहून ठेवणाऱ्या प्रसारसंस्था फार नसतील. गरिबी आणि सहभाग यांतली दरी त्यामुळे बुजते असे नाही. पण देणगीदार म्हणजे धनिक, हे समीकरण तुटते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: सगळेच मालक झाले की भांडणे होतात. इथे पॅसिफिकाचा इतिहास विरोधकांच्या हाती आयते पुरावे देतो. १९९९ मध्ये मध्यवर्ती मंडळ आणि केपीएफएचे कर्मचारी यांच्यातला वाद इतका चिघळला की जुलैमध्ये प्रक्षेपण चालू असताना एका निवेदकाला ओढून बाहेर काढण्यात आले आणि केंद्राला टाळे लागले. केंद्र काही कोटी डॉलरना विकता येईल अशा चर्चेचा एक पत्रव्यवहारही फुटला. हे केंद्र विकण्याजोगे का होते, यामागे एक तांत्रिक योगायोग आहे. अमेरिकेत एफएमचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिनव्यापारी केंद्रांसाठी राखीव आहे, केपीएफए ९४.१ वर आहे, म्हणजे व्यापारी पट्ट्यात. जी जागा सुरुवातीच्या काळात कोणी फारशी मागत नव्हते तीच पन्नास वर्षांत सोन्याची झाली. त्या जुलैच्या अखेरीस बर्कलीच्या रस्त्यांवर सुमारे दहा हजार लोक उतरले. टाळे निघाले, श्रोत्यांनी खटले भरले, तडजोड झाली आणि त्यातूनच वर सांगितलेली निवडणुकीची घटना आली. म्हणजे विक्री टळली ती याच मालकांमुळे. पण गोष्ट तिथे संपत नाही. नव्या निवडणुका खर्चिक ठरल्या, मंडळांत गटबाजी माजली, आणि न्यूयॉर्क केंद्राच्या मनोऱ्याचे, म्हणजे एम्पायर स्टेट इमारतीवरच्या जागेचे, भाडे इतके थकले की २०१७ मध्ये न्यायालयाने सुमारे अठरा लाख डॉलर चुकते करायला सांगितले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मध्यवर्ती व्यवस्थापनाने त्या केंद्राचे स्थानिक कार्यक्रम एका दिवसात बंद केले आणि महिन्याभरात न्यायालयाच्या आदेशाने ते परत आले. ही कारभाराची नाचक्कीच आहे, तिला लोकशाहीचे नाव देऊन झाकता येणार नाही. मात्र तिच्यातून निघणारा निष्कर्ष श्रोत्याच्या पैशाविरुद्ध जात नाही. सभासदत्व आणि व्यवस्थापन यांची गल्लत करू नये, एवढाच तो आहे. आपल्या सहकारी संस्थांच्या सर्वसाधारण सभा पाहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मोबाइलच्या युगात हे सगळे कालबाह्य झाले, असेही म्हटले जाते. पण श्रोत्याच्या पैशाची गरज संपलेली नाही, याचा पुरावा मिळाला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर असलेले दोन वर्षांचे सुमारे एकशे दहा कोटी डॉलर परत घेतले. ज्या छोट्या ग्रामीण केंद्रांच्या खर्चाचा मोठा हिस्सा या अनुदानातून भागत होता, त्यांच्यापुढे अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहिला. पॅसिफिकाला हे अनुदान आधीपासूनच मिळत नव्हते, त्यामुळे या घावाने तिचे नवे काही गेले नाही. सरकारी पैसा वाईट असतो असे यातून सिद्ध होत नाही. डोंगराळ भागातल्या विरळ वस्तीला वर्गणीवर केंद्र चालवणे खरोखरच कठीण आहे. पण सरकारी पैसा एका मतदानाने जाऊ शकतो, हे मात्र दिसले.

आपल्याकडे चित्र उलटे आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडले. तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी स्त्रिया चालवतात तो ‘संघम रेडिओ’ २००८ मध्ये सुरू झाला. साताऱ्याच्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ त्याच सुमाराचा. पुण्यात विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ आहे. प्रक्षेपणाची मर्यादा शंभर वॅट, म्हणजे पाच-दहा किलोमीटरचा टापू. पैसा येतो मातृसंस्थेकडून, देणगीदार संस्थांकडून किंवा जाहिरातींतून. श्रोत्याच्या वर्गणीवर उभे राहिलेले केंद्र क्वचितच दिसते. आपला श्रोता गरीब आहे, तो कुठून देणार, हे याचे ठरलेले उत्तर. पण ज्या गावात हरिनाम सप्ताहाला घरटी धान्य निघते आणि गणपतीला प्रत्येक आळी स्वतंत्र वर्गणी काढते, तिथे देण्याची सवय नाही हे पटत नाही. गणपतीची वर्गणी मागायला मात्र माणसे दारात येतात, न देणाऱ्याची गल्लीत चर्चाही होते. रेडिओला तसे दडपण नाही. तिथे देणाऱ्याला आपण देतो ते कशासाठी, हे आतूनच पटलेले असावे लागते.

आणि नेमके तिथेच आपल्या नियमांनी घोळ केला आहे. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरचे कार्यक्रम करता येत नाहीत; आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या पुढे ऐकवता येतात. उद्या नळाला पाणी येणार नाही, ही सूचना माण तालुक्यातले केंद्र देऊ शकते. योजना मंजूर होऊन पाणी का येत नाही, यावर सरपंचाला आणि अभियंत्याला समोरासमोर बसवून स्वतःच्या बातमीपत्रात जाब विचारणे नियमात बसत नाही. २०२४ च्या सुधारणेत सरकारने पैशाच्या तुटीवर शोधलेला उपाय म्हणजे तासाला बारा मिनिटे जाहिरातींची मुभा. बातम्यांवरची बंदी तशीच राहिली. शेती, आरोग्य आणि लोकगीते हे सगळे आता मोबाइलवरही मिळते. जे फक्त आपल्याच गावातून, आपल्याच बोलीत ऐकायला मिळाले असते आणि ज्याच्यासाठी एखाद्या कुटुंबाने वर्षाला शंभर रुपये काढून ठेवले असते, ते प्रक्षेपित करायला मनाई आहे.