आळशी, कीं अडलेला?

गेल्या दिवाळींत आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव चार दिवस घरीं आले होते. हे नुकतेच एका बँकेच्या शाखेचे व्यवस्थापक झाले आहेत. फराळाचें ताट पुढें होतें, परंतु त्यांचें चित्त हाताखालच्या एका लिपिकाकडे लागलेलें होतें. हा मनुष्य पूर्वीं चोख म्हणून नांवाजलेला. पण सहा महिन्यांपासून त्याच्या नोंदींत चुका पडूं लागल्या आणि कागद तुंबूं लागले. "काका, वार्षिक अहवालांत 'आळशी' असा शेरा मारतों, म्हणजे सुटलों," असें चिरंजीव म्हणाले. शेरा मारणारा सुटतो हें खरें. ज्याच्यावर मारला जातो त्याची बढती मात्र अडते, आणि त्याच्याहि घरीं मुलेंबाळें असतात. आम्हीं विचारलें, "निदान केलें आहे काय?"

वैद्यकांत औषधापूर्वीं निदान सांगितलें आहे. माधवकरांनीं तर सबंध ग्रंथ निदानालाच वाहिला. त्या शास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर चुका पडणें, कागद तुंबणें हें 'रूप' झालें, म्हणजे लक्षण. 'हेतु' वेगळा शोधावा लागतो. आळस हा हेतु असूंहि शकेल, परंतु तो न तपासतां लिहिणें म्हणजे अंग तापलें एवढें पाहून क्विनाईन पाजण्यासारखें आहे.

आमच्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं म्हैसुरास छापून प्रसिद्ध केलें, आणि पुढें १९६० सालीं प्रा. र. पं. कंगले यांनीं मुंबई विद्यापीठाकरितां त्याची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत हिशेबखात्याचें प्रकरण आहे. अधिकाऱ्याच्या हातून राजाचें उत्पन्न कां बुडतें, याचीं तेथें आठ कारणें दिलीं आहेत: अज्ञान, आलस्य, प्रमाद, भय, काम, कोप, दर्प आणि लोभ. वाचकांनीं क्रम पाहावा. आळस दुसरा आहे. पहिलें अज्ञान आहे, आणि भयासहि त्यांत स्थान आहे. दंडाविषयीं पाराशर आठपट, बार्हस्पत्य दहापट, औशनस वीसपट म्हणतात. कौटिल्य म्हणतो, जसा अपराध तसा दंड.

हें प्रकरण आम्हांस पाठ होतें. तरी प्रसंगीं उपयोगीं पडलें नाहीं. आम्ही मुख्याध्यापक असतां शाळेचे लेखनिक पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखें, हजेरीपत्रकांत वर्षानुवर्षें खाडाखोड नाहीं. पगारपत्रकें 'शालार्थ' या संगणकी व्यवस्थेवर भरण्याची पद्धति आली, आणि यांचीं पत्रकें महिन्यामागून महिना उशिरा जाऊं लागलीं. पगार लांबले, शिक्षक कुरकुरूं लागले. आम्ही शिक्षकांच्या देखत त्यांस दोनदां बोललों, तिसऱ्या वेळीं लेखी ठपका दिला. ते मान खालीं घालून उभे राहत, एक शब्द बोलत नसत. आम्हांस तो मग्रूरपणा वाटला! पुढें एके रात्रीं शेजारच्या गांवाहून परततांना एस्. टी.च्या शेवटच्या गाडींत ते भेटले. तेथील शाळेच्या तरुण लेखनिकाकडे ते दरमहा सातआठ दिवस शाळा सुटल्यावर जात, पत्रक त्याच्याकडून भरून घेत, आणि भाड्याचा खर्च पदरचा करीत. संगणक चालवितां येत नाहीं हें सांगावयाची त्यांस लाज वाटे. नोकरी जाईल ही भीतिहि होती. अज्ञान आणि भय, आठांतलीं दोन कारणें एकाच माणसांत, आणि आम्ही दर्प धरून बसलों होतों. त्या तरुणास आम्हीं कांहीं रविवार शाळेंत बोलाविलें. तीन महिन्यांत पत्रकें वेळेवर जाऊं लागलीं. ठपक्याचा कागद आम्हीं फाडला. चारचौघांत बोललेले शब्द कसे फाडावयाचे? निवृत्त होईपर्यंत ते गृहस्थ आमच्या खोलींत बोलाविल्याखेरीज कधीं आले नाहींत.

अमेरिकेंतील मेगर व पाइप या दोघां लेखकांनीं १९७० सालीं याच विषयावर पुस्तक लिहिलें. त्यांची कसोटी मार्मिक आहे. जीवावर बेतलें असतें तर त्या माणसास हें काम जमलें असतें काय? जमलें नसतें, तर शिकवावें. ठपक्यानें विद्या येत नाहीं. जमलें असतें, तर शिकवणी व्यर्थ. मग काम नीट करण्यांत त्याचा कांहीं तोटा होतो काय, तें पाहावें. जो झटपट उरकतो त्याच्याच टेबलावर दुसऱ्याचे कागद येऊन पडतात, हा कचेऱ्यांतील नित्याचा न्याय आहे. (मोठ्या कुटुंबांतील सुनांना तो समजावून सांगावयास नको.)

आमच्या लेखनिकांस जीवावर बेतलें असतें तरी जमलें नसतें. चिरंजीवांच्या लिपिकास मात्र वर्षानुवर्षें जमतच होतें. मग सहा महिन्यांपूर्वीं काय बदललें? बराच वेळ विचार करून चिरंजीव म्हणाले, "शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ बदलून गेले. ती जागा अजून भरलेली नाहीं." म्हणजे दोघांचें काम आणि गिऱ्हाइकांची रांग एकट्यावर! डेमिंग नांवाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ आपल्या व्याख्यानांत एक खेळ करीत. पेटींत चार हजार मणी, त्यांतले आठशें तांबडे. कामगारांनीं पन्नास खळ्यांच्या फळीनें मणी काढावयाचे, आणि तांबडा येतां कामा नये. तांबडे येतच, मग डेमिंग कोणास शाबासकी देत, कोणास दटावीत. दोष पेटींतला, बोलणीं कामगारास.

तेव्हां आम्हीं चिरंजीवांस सांगितलें कीं, त्या गृहस्थास एकांतीं बोलवा. 'तुम्ही आळशी झालां' असें न म्हणतां, अमुक तारखेच्या अमुक नोंदी चुकल्या एवढेंच पुढें ठेवा आणि त्यांस बोलूं द्या. मग एक अडचण दूर करून पंधरा दिवस पाहा; रोग कळेनासा झाला म्हणजे वैद्यहि उपचाराचा गुण पाहूनच तो ओळखतात, यासच ते उपशय म्हणतात. अडचण दूर होऊनहि फरक नसेल, तर शेरा अवश्य लिहा. दयेपोटीं खोटा चांगला शेरा देणें हा इतर सहकाऱ्यांवर अन्याय आहे. आणि हिशेबांत लबाडी आढळली, तर ही सारी चिकित्सा बाजूला ठेवून तत्काळ वर कळवा. लोभाचा रोग वेगळा.

पौषांत चिरंजीवांचा फोन आला. दुपारीं दोन तास रांगेवर दुसरा मनुष्य बसवितांच चुका निम्म्यावर आल्या. उरलेल्यांचें कारण तो लिपिक बोलतां बोलतां सांगून गेला: घरीं आई अंथरुणास खिळली आहे, रात्रीं झोंप नाहीं. त्याला काय करावें, हें विचारण्यासाठींच फोन होता. अहवालांतील शेऱ्याचा रकाना त्यांनीं अद्याप कोराच ठेवला आहे.