मुलीची फाइल कुणाच्या ताब्यात?

धाराशिव, उमरगा, परंडा, कळंब इथल्या कॉलेजांत जाणाऱ्या, आमच्या ओळखीच्या बहुतेक मुलींच्या घरी संगणक नाही. प्रोजेक्ट टाइप होतो कॉलेजच्या लॅबमध्ये, उरलेला नेट कॅफेत. मग सत्र संपत आले की एकच तक्रार ऐकू येते : “सेव्ह केलं होतं, पण आता दिसत नाही.” मुलगी खोटे बोलत नसते. तिने सेव्ह केलेले असते, पण ते दुसऱ्याच्या घरात.

लॅबमधला संगणक रोज पन्नास हात वापरतात. म्हणून अनेक ठिकाणी त्यात असे सॉफ्टवेअर बसवतात, की मशीन बंद करून पुन्हा सुरू केले की ते पहिल्यासारखे कोरे होते. डेस्कटॉपवर ठेवलेले सगळे पुसले जाते. यात लॅबवाल्या सरांचा दोष नाही. व्हायरसपासून मशीन वाचवायचा तो उपाय आहे. आपल्या भागात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणजे तास संपायच्या आधीही पाटी कोरी होऊ शकते. तेव्हा लिहायला सुरुवात करतानाच फाइलला नाव द्यावे, दर दहा मिनिटांनी कंट्रोल आणि एस दाबावे आणि उठण्याआधी प्रत सोबत घ्यावी.

सोबत घ्यायची कशात? पेन ड्राइव्हमध्ये. आमच्या बी.एड.च्या काळात फ्लॉपी होती, तिच्यात 1.44 एमबी मावत. आज मोबाइलचा एक फोटोही त्यात बसणार नाही. पेन ड्राइव्हमध्ये हजारो पाने मावतात, म्हणून लोक त्यालाच तिजोरी समजतात. तो तिजोरी नाही, पिशवी आहे. एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायला उत्तम, पण हरवतो, ओढणीला अडकून वाकतो, कपड्यांबरोबर धुतला जातो. फाइल उतरत असतानाच उपटून काढला, तर आतले बिघडते. आधी ‘इजेक्ट’ करावे, मग काढावा.

कॅफेतून आणलेला पेन ड्राइव्ह उघडला आणि आत फक्त शॉर्टकट दिसले, तर मुली घाबरतात. दुकानदार सांगतो, “फॉरमॅट मारतो.” मारू देऊ नका! हा जुना व्हायरस फाइली बहुधा लपवतो, खात नाही. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये. लॅबमधल्या जाणकाराकडून लपलेल्या फाइली उघड्या करून घ्याव्यात, दुसरीकडे उतरवाव्यात आणि मगच फॉरमॅट करावे.

उर्दू घेतलेल्या मुलींची आणखी एक अडचण. दुकानात इनपेजमध्ये टाइप केलेला मजमून कॉलेजच्या संगणकावर उघडतच नाही, कारण तिथे इनपेज नसते. मराठीचेही तेच : जुन्या फॉन्टमधला निबंध दुसऱ्या मशीनवर गिचमिड होऊन बसतो. टाइप करणाऱ्याकडून मूळ फाइल आणि पीडीएफ दोन्ही मागून घ्याव्यात. पैसे आपण दिलेले असतात, तेव्हा मागायला संकोच नको. स्वतः टाइप करणार असाल तर दोन्ही भाषांसाठी युनिकोडच वापरावे.

एकाच जागी ठेवलेले कसे जाते, हे या जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे सास्तूरसारखी गावे कोसळली, तेव्हा माणसांबरोबर घरातले कागदही ढिगाऱ्याखाली गेले. 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पाणी घराघरांत शिरले. म्हणून एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये, दुसरी गावाबाहेर, म्हणजे ई-मेल खात्यात. जीमेलबरोबर 15 जीबी जागा फुकट मिळते. पदवीची तीन वर्षे त्यात सहज मावतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांसाठी 2015 पासून सरकारचे डिजिलॉकर आहे.

आता खरी गोष्ट. हे खाते कुणाच्या नंबरवर उघडले आहे? आमच्या पाहण्यात बहुतेक मुलींची खाती भावाच्या, मामूंच्या, नाहीतर चक्क कॅफेवाल्याच्या नंबरवर असतात. शिष्यवृत्तीचा ओटीपी पुण्यात कामाला गेलेल्या भाईजानच्या फोनवर जातो. तो ड्यूटीवर, इकडे शेवटची तारीख. रिचार्ज न केलेला नंबर काही काळाने बंद होतो आणि 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग पासवर्ड विसरला, तर खाते उघडायचे कसे? लग्नानंतर मुलीचा नंबर बदलतो आणि तिची सगळी शैक्षणिक मिळकत जुन्या नंबरात अडकून पडते. माहेरच्या दागिन्यांची यादी आपण लिहून ठेवतो, याचा मात्र विचारही होत नाही.

मुलीच्या हाती फोन द्यावा की नाही, यावर घरोघरी वाद आहेत. तो प्रत्येक घराने आपापला सोडवावा. पण खाते तिच्या नावाचे असावे आणि पासवर्ड तिला ठाऊक असावा. 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत तिच्या नावावर सिम मिळत नाही, तोवर अम्मीचा नंबर द्यावा. अम्मी घरात असते, ओटीपी तिथल्या तिथे वाचता येतो. नंतर स्वतःचा नंबर घेतला की खात्यात बदलून घ्यावा, आणि हे जुना नंबर चालू असतानाच करावे. खाते दोन वर्षे उघडलेच नाही, तर गूगल ते काढून टाकू शकते; अधूनमधून लॉगिन करत राहावे.

कॅफेतून उठताना खाते लॉगआउट करावे, ‘पासवर्ड लक्षात ठेवू?’ असे विचारले तर ‘नको’ म्हणावे. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये राहिलेले आधार कार्ड आणि फोटो पुसावेत, मग रिसायकल बिनही रिकामी करावी. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदारासमोरच हे करावे. त्याला राग येत नाही; आला तर दुसरे दुकान पाहावे.